घामाची पंधरा मिनिटे : सायकलने बँकेत येणाऱ्या एका अधिकाऱ्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील एका बँकेच्या सेनापती बापट रस्त्यावरील शाखेत २०२३ च्या मार्चपासून पुढे साधारण सव्वा वर्षात घडले. बँकेचे व व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही आणि ओळख पटू नये म्हणून एक-दोन किरकोळ तपशील बदलले आहेत. ज्यांच्याविषयी हे लिहिले आहे त्यांनी मजकूर वाचून संमती दिली आहे. प्रस्तुत लेखक त्या काळात त्यांच्या शेजारच्याच टेबलावर काम करत होता, त्यामुळे हे वर्णन पूर्णपणे तटस्थ आहे असा दावा करता येणार नाही. शिवाय यातली एक चूक लेखकाची स्वतःची आहे.

संबंधित अधिकारी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते आणि गृहकर्जाचे काम पाहत होते. या कामात दिवसभर समोर ग्राहक असतात, बहुतेक वेळा नवरा-बायको जोडीने येतात आणि कागदपत्रे तपासताना सगळेच टेबलावर ओणवे झालेले असतात, म्हणजे अंतर जेमतेम हातभर उरते. रक्तातील साखर काठावर आल्यावर डॉक्टरांनी त्यांना रोज चाळीस मिनिटे व्यायाम करायला सांगितले होते. संध्याकाळी घरी पोहोचायला आठ वाजत असल्याने वेगळा व्यायाम जमणार नाही हे ओळखून त्यांनी स्कूटर सोडली आणि गिअरची सायकल घेतली.

त्यांचे घर सिंहगड रस्त्यावर आनंदनगरला. तिथून राजाराम पूल ओलांडून डी. पी. रस्त्याने म्हात्रे पुलापर्यंत, पुढे नळ स्टॉप, लॉ कॉलेज रस्ता आणि मग सेनापती बापट रस्ता, असे सुमारे आठ किलोमीटर. यातला बराचसा रस्ता सपाट आहे, परंतु दम काढणारा चढ नेमका शेवटी, शाखेच्या अलीकडे येतो. ही गोष्ट नकाशावर क्षुल्लक वाटते. पुढच्या सगळ्या प्रकरणाचे मूळ मात्र तिथेच होते.

पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे आणि कारकुनापासून प्राध्यापकापर्यंत सगळे सायकलवरच कामाला जात, मग त्यांना ही अडचण कशी आली नाही, असा प्रश्न आमच्या शाखेतल्या एका निवृत्तीला आलेल्या सहकाऱ्यांनी विचारला होता. त्याचे उत्तर फारसे अवघड नाही. पेठांमधली अंतरे दोन-तीन किलोमीटरची, चाल संथ, कपडे सुती आणि कचेऱ्यांच्या खिडक्या उघड्या. आमची शाखा बंद काचांची व वातानुकूलित होती, आणि अशा खोलीत हवा फिरून फिरून तीच येते.

अडचण

सायकल सुरू झाल्यावर पहिला दीड महिना कौतुकात गेला. एप्रिलच्या मध्यावर रोखपाल मॅडमनी त्यांचे टेबल टाळून लांबून फाईल द्यायला सुरुवात केली. नंतर एका सोमवारी त्यांच्या टेबलावर, कॅलेंडरच्या आडोशाला, लिंबाच्या वासाची खोली सुगंधित करायची फवाऱ्याची बाटली उभी दिसली. ती कोणी ठेवली हे कोणी सांगितले नाही. त्यांनी ती उचलून पाहिली, शिपायाची असेल असे समजून खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि कामाला लागले.

मे महिन्यात एका ग्राहक बाईंनी सही करता करता रुमाल नाकाला लावला आणि खुर्ची मागे सरकवली. शाखाधिकाऱ्यांनी ते आपल्या केबिनमधून पाहिले. दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर ‘वैयक्तिक स्वच्छता व नीटनेटका पोशाख’ या विषयावर सर्व कर्मचाऱ्यांना उद्देशून एक कागद लागला. चौदा माणसांच्या शाखेत तो कागद कोणासाठी आहे हे तेरा जणांना कळले. ज्यांच्यासाठी होता त्यांनी तो वाचला, मान डोलावली आणि ‘बरोबर आहे, काही जण चपला घालून येतात’ असे म्हणाले.

येथे पहिला निर्णयाचा क्षण होता. शाखाधिकाऱ्यांनी लेखकाला बोलावून ‘तुमचं त्यांच्याशी बरं जमतं, तुम्हीच सांगा’ असे सांगितले. लेखकाने होकार दिला आणि बारा दिवस काहीच केले नाही. कारण लाज, दुसरे काही नाही. या बारा दिवसांत कुजबूज वाढली आणि त्यांना जेवणाच्या टेबलावर एक टोपणनाव मिळाले, जे त्यांच्या कानावर गेले.

शेवटी एका संध्याकाळी कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये चहा घेताना लेखकाने विषय काढला. ‘अहो, राग मानू नका, पण सकाळी तुमच्या टेबलापाशी घामाचा वास येतो.’ ते बराच वेळ कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘मला येत नाही. खरंच येत नाही हो.’ हे खोटे नव्हते. सतत नाकाशी असलेला वास नाक काही मिनिटांत नोंदवणे सोडून देते, म्हणूनच आपल्या घरचा वास आपल्याला कळत नाही आणि पाहुण्याला दारातच कळतो. ‘मग उद्यापासून स्कूटर आणतो,’ असेही ते लगेच म्हणाले. साखर तोवर थोडी उतरली होती, म्हणून लेखकाने त्यांना पंधरा दिवस थांबायची विनंती केली.

पुढे आलेले पर्याय

स्कूटरवर परत जाणे हा सर्वांत सोपा पर्याय होता, पण त्यामुळे मूळ कारणच सोडून द्यावे लागले असते. बसला आनंदनगरहून एकदा बदलावे लागत होते आणि त्यात व्यायामही नव्हता. विजेवर चालणाऱ्या सायकलीचा विचार झाला. चढावर मोटरने हात दिला तर घाम निश्चितच कमी आला असता, परंतु दोन महिन्यांपूर्वीच नवी सायकल घेतल्यावर घरी आणखी पस्तीस-चाळीस हजारांचा विषय काढायची त्यांची तयारी नव्हती.

त्यांनी स्वतःहून आधी दोन उपाय केले आणि दोन्ही फसले. पहिला उपाय अंगावर फवारायच्या सुगंधाचा. शाखेत शिरताच स्वच्छतागृहात जाऊन ते ओल्या अंगावरच भरपूर फवारत, त्यामुळे घामाचा वास तसाच राही आणि त्यावर अत्तराच्या दुकानाचा थर चढे. शेजारी बसणाऱ्याच्या दृष्टीने परिस्थिती आधीपेक्षा वाईट झाली. दुसरा उपाय म्हणजे जवळच्या व्यायामशाळेचे सदस्यत्व, केवळ तिथल्या शॉवरसाठी. महिन्याला अठराशे रुपये भरले. सकाळी नऊला तिथे दोन शॉवर आणि सहा माणसे असत. आंघोळ करून कपडे चढवून धावत शाखेत येईपर्यंत पुन्हा पाठ ओली झालेली असे. काही दिवसांतच तो नाद सुटला.

या दुसऱ्या उपायाच्या अपयशातून खरी गोष्ट ध्यानात आली. आंघोळ करूनही शर्ट ओला होत असेल, तर पाणी मिळण्याइतकेच कधी थांबायचे आणि कधी कपडे बदलायचे हेही महत्त्वाचे आहे.

कारणांचा शोध

एका कामकाजाच्या शनिवारी, गर्दी ओसरल्यावर, दोघांनी बसून त्यांची सकाळ मिनिटामिनिटाने लिहून काढली. ते घरून आठ पन्नासला निघत, चढ जोरात मारून नऊ तेवीसच्या सुमारास शाखेच्या इमारतीत पोहोचत, जिने चढून साडेनऊच्या आत हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवत, लगेच टी-शर्ट काढून फॉर्मल शर्ट घालत आणि खुर्चीत बसत. सायकल चालत असताना वारा अंगावरचा घाम उडवत असतो. सायकल थांबते तेव्हा वारा थांबतो, शरीराची उष्णता मात्र दहा-पंधरा मिनिटे तशीच राहते, म्हणून सगळ्यात जास्त घाम उतरल्यानंतर येतो. तो सगळा ते नव्या शर्टात घेत होते.

दुसरे कारण आंघोळीचे निघाले. ‘घाम येणारच आहे, मग सकाळी आंघोळ कशाला’ असा विचार करून ते सायकल सुरू केल्यापासून रात्री घरी गेल्यावर आंघोळ करत आणि सकाळी केवळ तोंड धुऊन निघत. तर्क वरवर बिनतोड वाटतो आणि पूर्ण चुकीचा आहे. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू, विशेषतः काखेतल्या ग्रंथींच्या स्रावावर, काम करू लागले की वास तयार होतो. निघण्यापूर्वी साबण लावून आंघोळ केली असेल तर तासाभरात आलेल्या घामाला फारसा वास येत नाही. रात्रभराच्या अंगावर आलेल्या घामाला येतो. त्यांच्या मातोश्री ‘बिनआंघोळीचा बाहेर पडतोस’ म्हणून दोन महिने रोज कुरकुरत होत्या, जिवाणूंचा उल्लेख न करता.

तिसरे कारण आम्हाला जवळजवळ अपघाताने सापडले. बोलता बोलता त्यांनी टेबलाखालून पाठीवरची सॅक ओढून वर ठेवली आणि लेखकाला मान वळवावी लागली. सॅकचा पाठीला टेकणारा जाळीदार फोम आणि खांद्याचे दोन्ही पट्टे यांवर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. ही सॅक एकदाही धुतलेली नव्हती आणि दिवसभर त्यांच्या पायाशी, वातानुकूलन यंत्राच्या झोताखाली बसून असे. तिच्या आत सकाळचा पॉलिएस्टरचा टी-शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. पॉलिएस्टर लवकर वाळते हे खरे, पण घामातला तेलकट अंश त्याला घट्ट धरून बसतो आणि वास सुती कापडापेक्षा अधिक टिकतो. म्हणजे दुपारी तीन वाजता ग्राहकाला येणारा वास बहुतांशी माणसाचा नव्हताच. हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आले ते लेखकाने गेल्या महिनाभरात पाहिले नव्हते.

केलेली कृती

आंघोळ सकाळी आली आणि निघण्याची वेळ पंचवीस मिनिटे अलीकडे गेली. हे लिहायला सोपे आहे, पण ती पंचवीस मिनिटे मुलीला शाळेच्या व्हॅनपर्यंत सोडण्याच्या वेळेतून काढावी लागली आणि ते काम त्यांच्या पत्नीकडे गेले. ही किंमत कोणीतरी मोजली आहे याची नोंद येथे असायला हवी.

सॅक पाठीवरून कायमची उतरली. नाना पेठेतून मागचे कॅरिअर बसवून घेतले आणि त्याला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या रेग्झिनच्या पिशव्या लावल्या. सगळा खर्च तीन हजारांच्या आसपास. पाठ मोकळी झाल्यावर शर्टाच्या मागचा ओला चौकोन पहिल्याच दिवशी नाहीसा झाला. चढावर जोर लावणे बंद झाले. चढाच्या पायथ्याशी उतरून ते सायकल हातात धरून चालत वर येऊ लागले. सुरुवातीला त्यांना यात कमीपणा वाटला, कारण सायकलवाल्यांमध्ये चढावर उतरणे म्हणजे हरणे असा एक समज आहे. वारा खात सावकाश चालणे हाच अंग निवण्याचा उत्तम मार्ग आहे हे दोन दिवसांत पटले.

परंतु सगळ्यांत उपयोगी ठरला तो इस्त्रीवाला. शाखेमागच्या गल्लीत कडुलिंबाखाली एका काकांची इस्त्रीची टपरी आहे. आठवड्यातून एकदा घरून धुतलेले पाच-सहा शर्ट त्यांच्याकडे द्यायचे आणि रोज सकाळी एक ताजा, हँगरवरचा शर्ट उचलायचा, असा ठराव झाला. शर्ट पिशवीत घडी घालून आणण्याचा व चुरगळण्याचा प्रश्नच मिटला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे झाडाखाली काकांशी दोन शब्द बोलत थांबण्यात सात-आठ मिनिटे सहज जात आणि घाम तिथेच निथळून थांबे. नुसते ‘दहा मिनिटे थांबा’ असे सांगितले असते तर घाईच्या सकाळी कोणीही थांबले नसते. थांबण्याला काही काम लागते.

स्वच्छतागृहातला क्रमही ठरला. सोबत दोन सुती पंचे. जाड टर्किश टॉवेल कचेरीत वाळत नाही आणि दुपारपर्यंत कुबट होतो. पंचा खिडकीच्या गजावर तासाभरात वाळतो. एक पंचा ओला करून पिळायचा आणि चेहरा, मान, छाती, पाठ व शेवटी काखा पुसायच्या, मग पंचा धुऊन पुन्हा एकदा, आणि दुसऱ्याने कोरडे करायचे. त्या काळात सिंहगड रस्त्यावर उड्डाणपुलाचे काम चालू होते, त्यामुळे पहिल्या फेरीतला पंचा सिमेंटच्या गोणीसारखा राखाडी निघे. सुगंधी फवारा बंद झाला. त्याऐवजी घाम रोखणारी ॲल्युमिनियम क्षारयुक्त रोल-ऑन ते रात्री झोपताना कोरड्या काखेत लावू लागले, कारण ती ओल्या त्वचेवर नीट काम करत नाही. तुरटी हाही ॲल्युमिनियमचाच क्षार. न्हाव्याच्या दुकानातला खडा आणि ही महागडी कुपी एकाच कुळातल्या आहेत.

पॅंट व बूट शाखेतच राहू लागले. येताना अर्धी विजार, जुना सुती सदरा आणि सॅंडल. यासाठी एक कप्पा लागणार होता. शाखाधिकाऱ्यांनी जुन्या व्हाउचरचे लोखंडी कपाट अर्धे रिकामे करून दिले, आणि फलकावरचा तो कागदही त्याच दिवशी काढला.

एक विरोध अनपेक्षित होता. सफाईच्या मावशींनी तिसऱ्या दिवशी स्पष्ट सांगितले, ‘साहेब, तुमच्या पाण्यानं फरशी ओली राहते, मॅडम मला बोलतात.’ त्यांचे म्हणणे रास्त होते. त्यानंतर ते स्वतः वायपर फिरवूनच बाहेर येऊ लागले.

पावसाळा

जूनच्या अखेरीस ही घडी विस्कटली. पुण्याचा पाऊस पुष्कळदा कोसळत नाही, भुरभुरत राहतो, आणि अशा पावसात रेनकोट घालावा की नाही हे ठरवणे कठीण असते. रेनकोटच्या आत वाफ कोंडते व बाहेरच्या पावसाइतकेच आतून भिजायला होते. शिवाय हवेत दमटपणा असल्याने झाडाखाली कितीही थांबले तरी घाम उडत नाही. दोन आठवडे प्रयोग केल्यावर त्यांनी भुरभुर असेल तर सरळ भिजत यायचे आणि रेनकोट फक्त पिशव्यांवर टाकायचा असे ठरवले. मागच्या चाकाला लांब मडगार्ड बसवले, कारण त्याशिवाय पाठीच्या कण्यावरून डोक्यापर्यंत चिखलाची सरळ रेघ उमटत होती. ओले कपडे वाळवायला मात्र शाखेत जागा नव्हती. जिन्याखाली दोरी बांधायचा प्रस्ताव इमारतीच्या वॉचमनने फेटाळला. म्हणून मुसळधार पावसाच्या दिवशी स्कूटर, असा तह झाला. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातले जेमतेम दोन दिवस सायकल झाली. याला कोणी अपयश म्हणेल. लेखकाच्या मते रोज ओले बूट घालून बसण्यापेक्षा ते शहाणपणाचे होते.

निष्पत्ती

सप्टेंबरपर्यंत तक्रारी थांबल्या होत्या. दिवाळीनंतर रोखपाल मॅडमनी स्वतःहून आपल्या मुलासाठी कॅरिअरच्या पिशव्या कुठे मिळाल्या ते विचारले. डिसेंबरच्या थंडीत घाम नावालाही येत नव्हता, तेव्हा त्यांनी चढ पुन्हा सायकलवरून घ्यायला सुरुवात केली, आणि फेब्रुवारीच्या शेवटी उन्हे तापू लागताच मुकाट्याने परत उतरून चालू लागले. साखर डॉक्टरांना समाधान वाटेल इतकी खाली आली.

एक गोष्ट दुरुस्त झाली नाही. त्या टोपणनावानंतर त्यांनी सर्वांसोबत जेवायला बसणे सोडले होते. डबा ते अजूनही आपल्या टेबलावरच खातात.

वेगळे काय करता आले असते

बाटली आणि फलकावरचा कागद हे दोन्ही मार्ग बोलणाऱ्याची लाज वाचवण्यासाठी निवडलेले होते, आणि त्याचा भार ऐकणाऱ्यावर पडला. ज्याला स्वतःचा वास येऊच शकत नाही त्याला सूचक इशारा कळणार कसा? एका माणसाने, एकट्यात, एका वाक्यात आणि पहिल्याच आठवड्यात सांगणे हाच उपाय होता. लेखकाने गमावलेले बारा दिवस त्या जेवणाच्या टेबलाशी थेट जोडलेले आहेत.

दुसरे म्हणजे आम्ही उपाय आधी केले आणि तपासणी नंतर. फवारा आणि व्यायामशाळा यांवर पैसे घालण्यापूर्वी सॅक एकदा हुंगली असती, तर निम्मा प्रश्न साबणाच्या बादलीत सुटला असता. सायकलने येणाऱ्या कोणाविषयी अशी तक्रार आली तर आधी सामान पाहावे : पट्टे, बुटांचे आतले तळवे, हेल्मेटचा फोम, टेबलाखाली राहिलेला मोजा. माणसाकडे त्यानंतर वळावे.

पंचवीस मिनिटांचा प्रश्न मात्र शाखेला सोडवता आला असता असे लेखकाला वाटते. हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवल्यानंतर कपडे बदलायला दहा मिनिटांची मुभा दिली असती, तर घरची घडी इतकी बदलावी लागली नसती. ती मागणी आम्ही केलीच नाही, कारण ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याने सवलत मागणे बरे दिसले नसते.

सध्या

२०२४ च्या जूनमध्ये त्यांची बदली हडपसरच्या शाखेत झाली. अंतर जवळपास दुप्पट आहे, तिथले स्वच्छतागृह तीन कार्यालयांचे मिळून एक आहे आणि आसपास इस्त्रीची टपरी नाही. सध्या ते स्वारगेटपर्यंत सायकलने जातात, तिथे ती लावून पुढे बस पकडतात. बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली तर अंग निवते. नाही मिळाली तर पंचा पिशवीत असतोच.